आधी चार्जर बघा, मग बॅटरी

दरवर्षी १ जानेवारीला हैदराबादेत नामपल्लीच्या मैदानावर नुमाइश भरते आणि फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालते. १९३८ पासून चालत आलेल्या या प्रदर्शनातून एकेकाळी पोरं शिट्ट्या आणि चावीच्या मोटारी घेऊन घरी यायची. आता तळहातावर मावणारा चार पंखांचा ड्रोन घेऊन येतात. नुमाइश हुकली तर बेगम बाजार आहे, ऑनलाइन आहे, आणि वाढदिवसाला हौसेने खेळणी आणणारे मामा-काका तर आहेतच. हजार-दीड हजारांत असा ड्रोन येतो. सहा-सात मिनिटं घरभर भिरभिरतो, मग खाली बसतो आणि दीड तास चार्जिंग खातो. दोन दिवसांत मुलाची मागणी येते, ‘बाबा, अजून एक बॅटरी घ्या ना.’

ही मागणी रास्त आहे. दीड तासाच्या खोळंब्यात मुलाचा जीव रमत नाही. पण बॅटरी आणायला निघण्याआधी दहा मिनिटं काढून हे वाचा, अशी काचीगुडा-बरकतपुऱ्यापासून गच्चीबावलीपर्यंतच्या सगळ्या मराठी आईबाबांना, आणि विशेषतः आजी-आजोबांना, विनंती आहे. दुपारी आईबाबा कामावर असतात आणि चार्जिंगची पिन तुमच्याच हाताने लागते.

या ड्रोनमधली बॅटरी लिथियम-पॉलिमर जातीची असते. पत्र्याचं कवच नाही, फक्त चंदेरी पातळ पिशवी. आत ज्वालाग्राही द्रव असतो. एका सेलचा नाममात्र दाब ३.७ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ४.२ आणि ३ व्होल्टच्या खाली गेला की सेल दुखावतो. मोबाइलमधला सेलही रसायनाने याचाच भाऊ, पण त्याचं काम निवांत असतं. ५००० मिलीअँपिअर-तासांचा साठा तो दिवसभर पुरवून खर्च करतो. ड्रोनचा ५००चा सेल मात्र सात मिनिटांत रिकामा होतो. हिशोब केला तर चार-साडेचार अँपिअरचा सततचा प्रवाह झाला, आणि मुलाने दांडी एकदम वर ढकलली की त्याहून जास्त. एवढ्या नाजूक पिशवीकडून एवढं काम फार थोडी खेळणी करून घेतात.

म्हणून दुकानात पहिली गोष्ट म्हणजे वेष्टनावरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. ‘ये दो हजार एमएएच का है साब, देर तक उडता’ असं आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. खरं-खोटं करायला वजनकाटा पुरतो. या जातीच्या चांगल्या छोट्या सेलमध्ये दर ग्रॅमला साधारण ३५ ते ४० मिलीअँपिअर-तास बसतात. २४०चा सेल साडेसहा-सात ग्रॅमचा, ५००चा सेल बारा ते चौदा ग्रॅमचा भरतो. हातात तेरा ग्रॅमचा सेल आणि वर १२०० छापलेलं असेल तर छापणारा थापा मारतोय. रसायनशास्त्र बेगम बाजारात आल्यावर बदलत नाही. घरात स्वयंपाकाचा डिजिटल काटा असेल तर जुना सेल आधी तोलून ठेवा, म्हणजे नवा घेताना तुलना करता येईल.

आकडा खरा असला तरी मोठा सेल घेण्यात फायदा असतोच असं नाही. पस्तीस-चाळीस ग्रॅमच्या ड्रोनवर सात ग्रॅमचं जास्त ओझं टाकलं तर ते पेलायलाच मोटारींची ताकद जाते. ड्रोन जड उडतो, मोटारी तापतात आणि वेळ मिळालाच तर एखाद-दुसरा मिनिट जास्त मिळतो. मूळ बॅटरीच्या जवळपासचीच घ्या, फार तर वीस-पंचवीस टक्के मोठी, तीही जागेत दाबून न बसवता सहज बसत असेल तरच. सेल कोंबून बसवला आणि ड्रोन भिंतीवर आपटला की पिशवीला घडी पडते, आणि घडी पडलेल्या सेलचा भरवसा उरत नाही.

दुसरा आकडा असतो ‘सी’चा. १५सी, २५सी, ३०सी असं लिहिलेलं असतं. क्षमता गुणिले हा आकडा म्हणजे तो सेल किती प्रवाह देऊ शकतो. ५०० मिलीअँपिअर-तास म्हणजे अर्धा अँपिअर-तास, त्याला २५ने गुणलं की साडेबारा अँपिअर. ड्रोनची गरज चार-पाच अँपिअरची, त्यामुळे एवढी सवड पुरते. खेळण्यातल्या ड्रोनला २०-२५सी भरपूर झाला. ७०सी, ८०सी लिहिलेलं दिसलं तर जास्त पैसे मोजू नका, छोट्या सेलवरचे हे आकडे बहुतेक वेळा शोभेचेच असतात. उलट मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून फोनचा जुना सेल आणून ड्रोनला जोडण्याचा उद्योग कॉलेजची मुलं करतात, तो टिकत नाही. टाकी मोठी पण नळ बारीक, असा तो प्रकार. मोटारी जोर मागतात, सेलचा दाब कोसळतो आणि ड्रोन जमिनीवरून उठतच नाही.

तिसरी गोष्ट पिनेची, आणि जास्तीत जास्त पैसे इथेच वाया जातात. या सेलना लावलेल्या पांढऱ्या प्लास्टिकच्या पिना दिसायला सारख्या असतात, पण त्यांत निदान चार-पाच जाती आहेत. खाचांमधलं अंतर मिलिमीटरच्या हिशोबात बदलतं. त्याहून वाईट म्हणजे पिन तंतोतंत बसते पण लाल-काळी तार उलटी असते. उलट्या तारेने ड्रोनमधली सर्किटची पाटी एका क्षणात जळते, आणि नवी पाटी नव्या ड्रोनच्या जवळपास किमतीला पडते. त्यामुळे दुकानात जाताना जुना सेल खिशात घेऊन जा. दोन्ही पिना एकाच दिशेने शेजारी धरा, लाल तार लालच्या बाजूलाच यायला हवी. सोबत मल्टिमीटर असेल तर उत्तम. दोन-तीनशे रुपयांचं ते यंत्र अशा घरात असायलाच हवं, आणि पुढे चार्जर तपासतानाही ते लागणारच आहे. दुकानातल्या नव्या सेलवर ते ३.७ ते ३.९ व्होल्टच्या आसपास दाखवेल. ३.३ च्या खाली दाखवलं तर तो सेल कपाटात वर्षानुवर्षं पडून आहे असं समजा आणि हसून परत द्या.

तारा उलट्या निघाल्या तर कात्रीने दोन्ही तारा एकदम कापायला जाऊ नका. कात्रीच्या पात्यातून दोन्ही टोकं जुळतात आणि ठिणगी थेट बोटांशी उडते. प्लास्टिकच्या पिनेत प्रत्येक तारेला एक छोटा पत्र्याचा काटा असतो, वरची बारीक जीभ सुईने उचलली की तो मागे सरकून बाहेर येतो. एक तार बाहेर काढा, तिच्या टोकाला चिकटपट्टी लावा, मग दुसरी काढा. हे जमत नसेल तर कोठीच्या गुजराती गल्लीत इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांची दुकानं आहेत, तिथे पिन बदलून देणारा माणूस सापडतो.

वेष्टनावर ३.८ व्होल्ट किंवा ४.३५ असं छापलेलं दिसलं तर थांबा. ती वेगळ्या जातीची, जास्त दाब सहन करणारी बॅटरी असते. तिला साध्या चार्जरने भरलं तर काही बिघडत नाही, थोडी कमी भरते इतकंच. पण काही चार्जरना ४.२० आणि ४.३५ असा खटका असतो. साधा सेल लावून खटका चुकून ४.३५ वर राहिला तर त्या सेलला सोसणार नाही इतका दाब भरला जातो. घरात एकाच जातीचे सेल ठेवा, म्हणजे हा घोळच नको.

किती सेल घ्यावेत? मूळचा धरून तीन. ‘पाच बॅटऱ्या आणि फाइव्ह-इन-वन चार्जर’ असे जोड ऑनलाइन स्वस्तात दिसतात आणि मोह होतो. पण स्वस्त ड्रोनच्या चिमुकल्या मोटारी ब्रशच्या असतात, त्यांचं आयुष्य काही तासांचंच असतं आणि लागोपाठ चालवल्या की त्या बोट ठेवता येणार नाही इतक्या तापतात. दोन उड्डाणांच्या मध्ये पाच मिनिटं विसावा दिला तर मोटारी टिकतात. पाच सेल लागोपाठ उडवणारा मुलगा दोन महिन्यांत मोटारी मागायला येणार हे लिहून ठेवा.

आता चार्जर. माझं खरं आवाहन इथूनच सुरू होतं. पालक बॅटरीवर दोनशे रुपये खर्च करतात आणि चार्जर मात्र ड्रोनसोबत आलेली वीतभर वायरच वापरत राहतात. खेळण्यातल्या ड्रोनचा ताप होतो तो बहुतेक वेळा याच वायरमुळे. हिशोब उलटा करा. दुसरी बॅटरी घेण्याआधी चार्जर तपासा, आणि तो नापास झाला तर बॅटरीचे पैसे चार्जरवर घाला.

चांगला चार्जर दोन गोष्टी करतो. आधी ठरलेल्या प्रवाहाने सेल भरतो, आणि दाब ४.२ व्होल्टला पोचला की तिथेच धरून प्रवाह हळूहळू कमी करत शेवटी बंद करतो. स्वस्तातली एखादी यूएसबी वायर यातलं दुसरं काम करतच नाही. तिच्या प्लास्टिकच्या गाठीत एक दिवा आणि एक रेझिस्टर, बस्स. दिवा बदलो न बदलो, वीज सेलमध्ये शिरतच राहते.

हे ओळखायचं कसं? सेल पूर्ण चार्ज होऊ द्या, दिवा बदलल्यावर काढा, दहा मिनिटांनी मल्टिमीटर लावा. ४.१५ ते ४.२० आलं तर चार्जर पास. ४.२५ च्या वर आलं तर ती वायर त्याच क्षणी कात्रीने कापून टाका. नुसती टाकली तर कुणीतरी कचऱ्यातून उचलून पुन्हा वापरेल. दिव्यांची भाषाही आधी समजून घ्या. एका कंपनीचा लाल दिवा भरताना लागतो आणि भरल्यावर विझतो, दुसरीचा नेमका उलटा. पहिल्याच दिवशी एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराला चिकटवा, म्हणजे आजोबांना नातवाच्या शब्दावर विसंबावं लागणार नाही.

चार्जरचा प्रवाह किती असावा याचं गणित सोपं आहे. सेलवर जितके मिलीअँपिअर-तास, तितके मिलीअँपिअर. ५००च्या सेलला ५०० मिलीअँपिअर, म्हणजे अर्धा अँपिअर. २४०च्या सेलला पाव अँपिअर. त्याहून कमी चालेल, वेळ जास्त लागेल, सेल जास्त टिकेल. बाजारात टीपी४०५६ नावाच्या चिपची निळी छोटी पाटी फार खपते. गुजराती गल्लीत चहाच्या पैशांत मिळते, शाळांच्या प्रोजेक्टमध्येही दिसते, आणि चिप स्वतः भली आहे. ४.२ व्होल्टला नेमकी थांबते. पण ती पाटी कारखान्यातून एक अँपिअरवर बांधून येते. हजारच्या सेलला हे योग्य. २४०च्या सेलला मात्र हा चौपट मारा झाला. सेल गरम होतो, फुगतो, आणि दोष बिचाऱ्या सेलला मिळतो. पाटीवर एक तिळाएवढा काळा रेझिस्टर असतो, त्यावर बहुधा १२२ असं लिहिलेलं असतं, म्हणजे १२०० ओहम. त्याच्या जागी दोन हजार ओहमचा लावला की प्रवाह सुमारे ५८० वर येतो, पाच हजार ओहमचा लावला की २५० वर. सोल्डर करता येणाऱ्या मुलासाठी पंधरा मिनिटांचं काम. आणखी एक ध्यानात ठेवा. या पाटीला सेल उलटा जोडलेला खपत नाही, चिप जागीच जळते.

चार्जरवर प्रवाह लिहिलेलाच नसेल तर अडॅप्टर आणि चार्जरच्या मध्ये लावायचं छोटं यूएसबी मीटर मिळतं. त्यावर आकडा सरळ दिसतो आणि अशा साध्या चार्जरमध्ये जवळजवळ तेवढाच प्रवाह सेलमध्ये जातो.

चार-पाच सेल एकदम भरणारे चार्जर घेताना एकच गोष्ट पाहा, प्रत्येक खाचेला स्वतंत्र दिवा आहे का. एकच दिवा आणि पाच खाचा असतील तर आत सगळे सेल एकमेकांना थेट जोडलेले असण्याचा संभव मोठा. अशा वेळी भरलेल्या सेलशेजारी रिकामा सेल लावला की भरलेला रिकाम्यात बेफाम ओततो, मध्ये आवर घालणारं कोणी नाही. स्वतंत्र दिवे असतील तरीही एक सेल लावून बाकीच्या खाचा मल्टिमीटरने तपासून बघा. रिकाम्या खाचेवर त्या सेलचाच दाब हुबेहूब दिसला तर तो चार्जर परत करा.

‘बाबांचा ६७ वॉटचा चार्जर लावला तर लवकर होईल’ हा शोध प्रत्येक घरात कधीतरी लागतो. होत नाही. मोबाइलचा जलद अडॅप्टर समोरच्या यंत्राशी बोलणं झाल्याशिवाय पाच व्होल्टच देतो, आणि किती वीज घ्यायची ते मधला छोटा चार्जर ठरवतो. त्यामुळे वेळही वाचत नाही आणि नामांकित मोबाइलसोबत आलेला अडॅप्टर असेल तर नुकसानही होत नाही. नुकसान होतं ते पदपथावरच्या तीस रुपयांच्या अडॅप्टरने, ज्यात घरातली २३० व्होल्टची वीज आणि पाच व्होल्टची वायर यांच्यामधला पडदाच कच्चा असतो. आपल्याकडे मोबाइलचे अडॅप्टर आणि लिथियम बॅटऱ्या यांना भारतीय मानक ब्युरोची सक्तीची नोंदणी लागू आहे. बॅटरीचं मानक आयएस १६०४६. चिन्हाशेजारी आर या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक छापलेला असतो आणि ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर तो तपासता येतो. सुट्या विकल्या जाणाऱ्या चिमुकल्या सेलवर हा क्रमांक सहसा दिसत नाही. सेलच्या बाबतीत नाइलाज झाला तरी अडॅप्टरच्या बाबतीत तडजोड करू नका.

आता भीतीबद्दल. एप्रिल २०२२ मध्ये निजामाबादला एका घरात रात्री चार्जिंगला लावलेली इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी पहाटे फुटली आणि ऐंशी वर्षांचे एक गृहस्थ गेले. त्याच वर्षी १२ सप्टेंबरला सिकंदराबादच्या एका लॉजखालच्या इलेक्ट्रिक स्कूटरच्या शोरूममध्ये आग लागली, धूर जिन्यातून वर चढला आणि आठ जणांचा बळी गेला. या बातम्या वाचून ड्रोन फेकून द्यायचं कारण नाही. ५००च्या सेलमध्ये दोन वॉट-तासांहूनही कमी ऊर्जा असते, स्कूटरच्या बॅटरीत त्याच्या हजारपट. पण निजामाबादची गोष्ट रात्रीच्या चार्जिंगची होती, आणि सिकंदराबादेत बहुतेक जीव गेले ते धुराने गुदमरून. छोटा सेल घर जाळत नाही, छोटा सेल पडदा पेटवतो. पडदा घर जाळतो.

म्हणून चार्जिंगची जागा ठरवून टाका. पलंग, सोफा, पुस्तकांचं कपाट, प्लायवुडचं टेबल यांतलं काहीही चालणार नाही. तांडूरची किंवा शहाबादी फरशी आपल्याकडे घरोघरी आहे, त्याहून चांगली जागा कुठली? भिंतीपासून आणि पडद्यापासून हातभर दूर, फरशीवर मातीची रिकामी कुंडी, तिच्यात सेल. कुंडीत थोडी कोरडी वाळू असेल तर अधिक बरं. कुणीतरी जागं आणि त्याच खोलीत असेपर्यंतच चार्जिंग. झोपताना नाही, मंडईत जाताना नाही, ‘पाच मिनिटांत आलो’ म्हणतानाही नाही. ५००च्या सेलचा दिवा दोन-अडीच तासांनंतरही बदलला नसेल तर वाट पाहू नका, पिन काढा.

आणि उन्हाळा. मे महिन्यात आपल्या शहरात पारा चाळिशी ओलांडतो. लिथियम सेल ४५ अंशांच्या वर असताना भरू नये, असं बहुतेक सेल बनवणारेच सांगतात. दुपारी गच्चीत उडवलेला ड्रोन खाली आला की त्याचा सेल सहज त्याहून गरम असतो. अर्धा तास सावलीत राहू द्या, बोटाला थंड लागला की मगच पिन लावा. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीच्या डॅशबोर्डवर तर सेल कधीच ठेवू नका.

उडवताना नियम एकच. ड्रोनचे दिवे लुकलुकायला लागले की उतरवा. ‘अजून एक चक्कर’ या मोहात सेल तीन व्होल्टच्या खाली ओढला जातो आणि त्याचं आयुष्य प्रत्येक वेळी थोडं कापलं जातं. उतरवल्यावर सेलची पिन ड्रोनमधून काढून ठेवा. बटण बंद केलं तरी काही पाट्या थेंबथेंब वीज पीत राहतात, आणि महिन्याभराने सेल मेलेला सापडतो. असा अडीच व्होल्टच्या खाली गेलेला सेल मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे नेऊन ‘बूस्ट’ मारून आणू नका. मोबाइलवाल्याच्या यंत्राने तो जागा होतो खरा, पण आतून त्याचं तांबं विरघळलेलं असू शकतं, आणि पुढच्या चार्जिंगला तो आतल्या आत शॉर्ट होतो.

परीक्षा आली की ड्रोन माळ्यावर जातो. जाऊ द्या, पण सेल पूर्ण भरलेला ठेवू नका आणि पूर्ण रिकामाही नको. ३.८ व्होल्टच्या आसपास, म्हणजे निम्मा. मल्टिमीटर नसेल तर भरलेल्या सेलवर तीन मिनिटं उडवा आणि काढून ठेवा. माळ्याऐवजी घरातला सर्वांत थंड कोपरा निवडा, पत्र्याखालचा नाही. किल्ल्या, नाणी, स्क्रू यांच्या डब्यात तर मुळीच नको.

फुगलेला सेल म्हणजे आत वायू साठलेला सेल. तो सुईने टोचायचा नसतो, दाबून परत ड्रोनमध्ये बसवायचा नसतो, ‘अजून उडतोय की’ म्हणून चालवायचा तर अजिबात नाही. चार्जिंगमध्ये सेल फुगताना किंवा गरम होताना दिसला आणि हात सुरक्षित पोचत असेल तर आधी भिंतीचा खटका बंद करा. पेटलाच तर वाळू टाका, नाहीतर भरपूर पाणी ओता; खटका बंद केल्यानंतर पाण्याला घाबरण्याचं कारण नाही, थंडावा मिळणं महत्त्वाचं. धूर विषारी असतो, मुलांना आणि म्हाताऱ्यांना आधी खोलीबाहेर काढा, खिडक्या उघडा. आग सेलपुरती राहिली नाही तर लढत बसू नका, १०१ फिरवा.

कायद्याचं थोडक्यात. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन उडवायला पायलटचा परवाना लागत नाही. पण बेगमपेट, हाकिमपेट, दुंडिगल आणि शमशाबाद अशा विमानतळांनी आणि वायुदलाच्या तळांनी आपलं शहर वेढलेलं आहे, आणि पोलिसही प्रसंगानुसार बंदीचे आदेश काढतात. गच्चीवर उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा पाहा. घराच्या आत उडवायला कुणाची हरकत नाही, फक्त झुंबर सांभाळा.

सुट्टीत पुण्या-मुंबईला विमानाने जाताना सुटे सेल चेक-इनच्या बॅगेत चालत नाहीत, ते हातातल्या बॅगेत ठेवावे लागतात. प्रत्येकाच्या पिनेवर चिकटपट्टी लावून वेगवेगळ्या छोट्या पिशव्यांत घाला.

निकामी सेल महापालिकेच्या ‘स्वच्छ ऑटो’ या कचरागाडीत टाकायची सवय मात्र आपण मोडायला हवी. तो कचरा पुढे यंत्रात दाबला जातो, मग जवाहरनगरच्या डेपोत ढिगावर पडतो, आणि दाबलेला लिथियम सेल पेटायला दुसरं काही लागत नाही. तिथे कचरा वेचणारी माणसं असतात. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी बॅटऱ्या इतर कचऱ्यापासून वेगळ्या देण्याची जबाबदारी वापरणाऱ्यावर, म्हणजे तुमच्या-माझ्यावरच टाकली आहे. मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवायचा उपाय सांगितला जातो, पण त्याने आधी पत्र्याची टोकं गंजतात आणि वीज आतच राहते. सोपी वाट अशी: ड्रोनला लावून हवेत न उडवता पंखे जमतील तितके फिरवून सेल रिकामा करा, फुगलेला असेल तर हाही खटाटोप नको. दोन्ही टोकांवर वेगवेगळी चिकटपट्टी गुंडाळा, वर मार्करने ‘खराब’ लिहा आणि बाल्कनीत सावलीला झाकणाच्या कुंडीत टाका. त्याच कुंडीत जुन्या मोबाइलची बॅटरी, बंद पडलेली पॉवर बँक आणि आजोबांचं जुनं ब्लूटूथ श्रवणयंत्रही जाऊ द्या. चार-पाच जमले की ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात द्या. अपार्टमेंटच्या सोसायटीने वर्षातून दोनदा एकत्र गोळा केलं तर तिथून गाडीही येते.